कार्ड आजीच्या नावावर

माझ्या मुलीला घरातल्या माणसांपैकी सर्वांत आधी हात लावला तो माझ्या सासूने. मी नाही, तिच्या बापानेही नाही. आता मुलगी शाळेत जाते. तरीही कुणी कौतुकाने म्हणालं, "पोर अगदी आजीची हो," की मला ते टोचतं. मी हसते. ते हसणं खरं नसतं हे सासूला कळतं, आणि तिला कळतं याचं मला बरं वाटतं.

आमचं वैर काही महामारीने आणलं नव्हतं. मी नायगावच्या चाळीतली, आम्ही बौद्ध. ती लालबागची, मूळची मालवणकडची. सासरे गिरणीत होते. गिरणी गेली आणि मागोमाग तेही गेले. तिच्या एकुलत्या एक मुलाने माझ्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं त्या दिवशी ती गावाला निघून गेली होती. पुढे येणं-जाणं सुरू झालं, पण आमच्या परळच्या खोलीवर आली की ती पिशवीतून पाण्याची बाटली काढायची. "माका भायरचा पाणी सोसत नाय," म्हणायची. लालबाग आणि परळ यांच्यामध्ये चालत दहा मिनिटांचं अंतर. दोन्हीकडे पाणी एकाच तलावाचं. चार वर्षं ती बाटली माझ्या टेबलावर उभी राहायची आणि मी तिच्याकडे बघत पोहे वाढायचे. पोहेही ती खायची नाही. "उपवास."

नवरा बसचा ड्रायव्हर. तो म्हणायचा, "सोड ना, जुनी माणसं." सोडणं हे काम नेहमी माझ्याच वाट्याला यायचं.

मी गिरगावातल्या एका प्रकाशकाकडे शालेय गाइडांची मुद्रितं तपासायचे. लॉकडाऊन लागला तसं माझं काम घरी आलं. नवऱ्याचं येणं शक्य नव्हतं. तो सिस्टर, सफाई कामगार, पोलीस यांची पहाटेपासून ने-आण करत होता. मला सातवा महिना. घरात रोग नको म्हणून तो डेपोतच झोपायचा आणि खालून हाक मारून दारात भाजी ठेवून जायचा. मी खिडकीतून बघायचे. त्या दिवसांत आमचा संसार दोन मजल्यांच्या अंतराने चालला होता.

एका दुपारी भूगोलाच्या गाइडातली नद्यांची नावं तपासत असताना माझं पाणी गेलं. दोन महिने आधी. नवऱ्याला फोन लावला, तो गाडीवर, उचलेना. पिशवी घेऊन एकटी खाली उतरले. आमच्या इमारतीच्या फाटकाला बांबू बांधलेले होते आणि त्यापाशी सोसायटीचे सेक्रेटरी खुर्ची टाकून बसले होते.

"कुठे?"

"दवाखान्यात. पाणी गेलंय माझं."

ते खुर्ची मागे सरकवून उठले. बांबू सोडवताना म्हणाले, "जा, जा. पण परत येताना रिपोर्ट घेऊन या हां. इथे म्हाताऱ्या माणसांचा प्रश्न आहे."

साडी ओली होऊन पायाला चिकटत होती आणि हा माणूस मला रिपोर्ट मागत होता. त्याचं तोंड मी विसरलेले नाही. अजूनही तो जिन्यात भेटला की मी भिंतीकडे बघते.

नाक्यावरच्या हवालदाराने एक टॅक्सी थांबवून दिली. टॅक्सीवाल्याने मला जवळच्याच एका मोठ्या रुग्णालयात सोडलं. त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर लोक म्हणतील, पण त्यांनीच वाचवली ना पोर? वाचवली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

संध्याकाळपर्यंत पोट फाडून मुलगी बाहेर काढली. "मुलगी. अकराशे ऐंशी ग्रॅम," मास्कमागचा एक आवाज म्हणाला. एवढंसं हिरवं कापड डोळ्यांसमोरून गेलं. त्यात काय होतं ते मला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मला ना ताप, ना खोकला. ताज्या टाक्यांसकट मला स्ट्रेचरवर घालून अंगणापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत, तळमजल्यावर नेलं. मुलगी पहिल्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात. तिच्या पायाला पट्टी होती, त्यावर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. म्हणजे माझं नाव तरी तिच्याजवळ होतं.

रोज दुपारी एकच्या सुमारास वरून फोन यायचा. एक तरुण डॉक्टर.

"बेबी स्टेबल आहे."

"म्हणजे कशी आहे?"

"स्टेबल. श्वासाला मशीन लावलंय, नाकातून. बाकी ठीक."

"डोळे उघडते का?"

"मॅडम, माझ्याकडे अठरा बेबी आहेत."

फोन बंद. 'स्टेबल' हा शब्द एखाद्या मुद्रितात आला असता तर मी त्याभोवती लाल वर्तुळ काढून समासात लिहिलं असतं, अर्थ स्पष्ट करा. पण तिथे समास नव्हता. चोवीस तासांतलं एक वाक्य आणि त्यावर दिवस काढायचा.

नवऱ्याला विभागात सोडत नव्हते. "तुम्ही बसवर, तुमचा संपर्क जास्त," म्हणाले. ज्या सिस्टरना तो सकाळी बसमधून तिथे आणून सोडायचा, त्यातल्याच एकीने त्याला हे सांगितलं. माझ्या आईची नायगावची चाळ सील. तिला साखरेचा त्रास, तीसुद्धा बाद. विभागाच्या दारावरच एक कागद चिकटवला होता, नवऱ्याने त्याचा फोटो पाठवला. 'नातेवाइकांस प्रवेश निषीद्ध.' षि दीर्घ. माझ्या बाळाला माझ्यापासून तोडणाऱ्या माणसांना धड ऱ्हस्व-दीर्घही येत नव्हतं, याचा मला इतका संताप आला की मी फोन गादीवर आपटला.

माझ्या वॉर्डातल्या सिस्टरने मला हाताने दूध काढायला शिकवलं होतं. दर तीन तासांनी स्टीलच्या वाटीत. पहिल्या दिवशी चमचाभर निघालं, पिवळसर, चिकट. सिस्टर म्हणाली, "हे सोनं आहे, थेंब सांडू नको." मी सांडला नाही. टाके ओढले जायचे, वाकून वाकून पाठ मोडायची, पण वाटी भरत गेली. ती रोज झाकण लावून घेऊन जायची. मी मनात हिशेब करायचे, आता जिना चढली असेल, आता नळीतून पोरीच्या पोटात गेलं असेल. चार दिवस मी याच्यावर जगले.

पाचव्या दिवशी मोठ्या सिस्टर राउंडला आल्या. मी विचारलं, "बाळाला दूध पचतंय ना माझं?"

त्या थांबल्या. "तुमचं? तुमचं वर घेत नाहीत. पॉझिटिव्ह आईचं दूध नको असं वरून सांगितलंय. बाळाला डब्याचं चालू आहे."

"मग खाली का घेत होतात?"

"तुम्ही देत होता म्हणून."

मी त्या बाईच्या अंगावर धावून गेले नाही याचं एकमेव कारण म्हणजे मला खाटेवरून नीट उठता येत नव्हतं. तोंडाला येईल ते बोलले. आमच्या चाळीतल्या नळावरची भाषा मी शिक्षण घेऊन, मुद्रितं तपासून पुसून टाकलीय असा माझा समज होता. ती जशीच्या तशी होती. मोठ्या सिस्टर ऐकून निघून गेल्या. दूध काढायला शिकवणारी लहान सिस्टर तिथेच उभी राहिली, मान खाली. हळूच म्हणाली, "काढत रहा ताई. थांबलात तर आटेल." मग मी काढत राहिले आणि बेसिनमध्ये ओतत राहिले. पांढरं पाणी जाळीतून खाली जाताना मी बघायचे. शिक्षा म्हणून बघायचे, पण शिक्षा कुणाला ते ठरत नव्हतं.

सहाव्या दिवशी नियम बदलला. आमची दया आली म्हणून नव्हे. निम्म्या सिस्टर आजारी पडल्या आणि हात कमी पडायला लागले. आता प्रत्येक बाळामागे एक माणूस आत घेणार होते. त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह हवा, त्याने तिथेच राहायचं, बाहेर पडायचं नाही, आणि मध्ये बदलायचं नाही. एक कार्ड, एक नाव. बाळाला उघड्या छातीशी तासन्‌तास धरून बसायचं, कांगारूसारखं. त्याने वजन वाढतं, श्वास सुधारतो.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन आला. "आई जाते म्हणाली."

"कुठली आई?"

"माझी आई. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. कालच करून घेतला तिने."

मी म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे?"

"जी बाई माझ्या घरचं पाणी पीत नाही, ती माझं लेकरू उघड्या छातीला लावणार? तिला विटाळ नाही होणार?"

"आत्ता हे बोलायचं आहे का तुला?"

"मग कधी बोलायचं? चार वर्षं तू म्हणतोस आत्ता नको."

तो ओरडला. तो कधी ओरडत नाही. "मग काय करू सांग! मला घेत नाहीत, तुला घेत नाहीत, तुझ्या आईला घेत नाहीत. एकटी पडलीय ती तिथे, काचेच्या पेटीत. सांग, कुणाला पाठवू? बोल!"

मी बोलले नाही. फोन ठेवला. माझ्या गप्प बसण्याला त्याने होकार मानलं. तो होकार नव्हता, हे मी त्याला पुढे अनेकदा ऐकवलं आहे.

सासू आत गेली. तिचा बटणांचा फोन होता, त्यावरून ती रोज चार वाजता मला फोन करायची. "तीस ग्राम वाढली." "आज मशीन काढला." "शी केल्यान, पिवळी." एवढंच. हवामानाचा अंदाज सांगावा तसा. तू कशी आहेस हे तिने एकदाही विचारलं नाही. मीही 'आई' म्हटलं नाही, आणि आभार तर नाहीच. पण पावणेचारपासून मी फोन हातात धरून बसायचे. तिच्या आवाजाचीच वाट बघावी लागते यासाठी मला तिचा आणखी राग यायचा. ती 'माझा चेडू' म्हणायची. मालवणीत चेडू म्हणजे मुलगी. माझा! मी एकदा तोडून म्हणाले, "माझी मुलगी." पलीकडून, "हो, तुझी. बावीस ग्राम वाढली," आणि फोन बंद.

नवव्या दिवशी चार वाजता फोन आला नाही. साडेचारला नाही, पाचला नाही. मी लावला, तिने उचलला नाही. शेवटी सहा वाजता त्या तरुण डॉक्टरचा आला. बाळाचं पोट फुगलं होतं. फीड बंद केली होती, सलाइनवर ठेवलं होतं.

"डब्याच्या दुधाने झालं का?"

"तसं सांगता येत नाही. प्रीमॅच्युअर बाळांत होतं असं."

"माझं दूध दिलं असतं तर झालं असतं का?"

"मॅडम, तसं सांगता येत नाही."

दोन दिवस तिला काहीच दिलं नाही. पोट उतरलं. आणि तिसऱ्या दिवशी लहान सिस्टर वाटी घेऊन धावत आली. "ताई, वरून मागितलंय तुमचं दूध. आता चालेल म्हणाले."

"आता कसं चालेल? मी अजून पॉझिटिव्हच आहे."

तिला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. कुठून तरी नवीन सूचना आली होती. आठवड्यापूर्वी जे विष होतं तेच आता औषध झालं, मधल्या दिवसांबद्दल अवाक्षर नाही. वाटी सिस्टरनेच धरली. मी काढून दिलं. नाही देणार असं थोडंच म्हणता येतं?

सतराव्या दिवशी माझा रिपोर्ट निगेटिव्ह आला. मला डिस्चार्ज दिला. मी पिशवी घेतली आणि घरी न जाता अंगण ओलांडून तिसऱ्या मजल्यावर चढले. प्रत्येक पायरीला टाके जाणवत होते. दारात सिक्युरिटीची एक बाई स्टुलावर बसली होती.

"कार्ड?"

"मी आई आहे बाळाची."

तिने वही उघडली, बोट फिरवलं. "कार्ड आजीच्या नावावर आहे."

"आजी आत आहे. मी आई. हा बघा रिपोर्ट, निगेटिव्ह."

"मॅडम, एक कार्ड एक नाव. मला सांगून उपयोग नाही."

दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती. मी काचेला नाक लावलं. समोरच, खिडकीपाशी, आरामखुर्चीत माझी सासू बसली होती. पुढून उघडा गाऊन, वर कापड गुंडाळलेलं. कापडातून एक टोपी दिसत होती, लिंबाएवढी, निळ्या लोकरीची. माझ्या मुलीचं पहिलं दर्शन म्हणजे ती टोपी. मी काच ठोकली. सासूने मान वर केली. तिने मला ओळखलं. आणि मग तिने हाताने खूण केली: जा. किंवा थांब, किंवा आवाज करू नको, झोपलीय. काहीही अर्थ असेल त्याचा. मला एवढंच दिसलं की आत बसलेली बाई मला बाहेर जायला सांगतेय.

मी दार हातांनी बडवलं. सिक्युरिटीची बाई मला धरायला उठली. आतून एक सिस्टर आली, मग विभागाच्या मोठ्या डॉक्टर. पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळं, मास्कच्या दोरीने कानामागे जखमा झालेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अजून चौदा दिवस घरी थांबा. नियम आहे. आजी फार छान करताहेत, बाळ त्यांना सरावलंय. आत्ता बदलणं बाळाच्या हिताचं नाही."

सासू उठून दारापर्यंत आली होती, बाळासकट. मी तिला म्हणाले, "तुम्ही सांगा ना यांना. तुम्ही बाहेर या, मी जाते आत."

ती डॉक्टरांकडे बघत म्हणाली, "डाक्टर सांगतत तसा कर. तू खोकलस आणि हिका काय झाला तर?"

"मी खोकत नाहीये!"

"तर खोकाक लागशीत." आणि ती वळली.

दार लागलं.  काचेपलीकडे तिच्या वळलेल्या पाठीवर त्या कापडाची टोकं कुणीतरी घट्ट बांधली होती, गाठीवर गाठ. मी तेवढंच बघत राहिले.

मी घरी गेले. सेक्रेटरींना रिपोर्ट दाखवला. पलंगावर पडले आणि उठून बसले. आणि मग मला जे एकच काम येतं ते मी केलं. कागद घेतला, अर्ज लिहिला. दोनदा खोडून तिसऱ्यांदा. त्यातलं एक वाक्य मला अजून आठवतं: 'आपल्या दारावरील सूचना नातेवाइकांसाठी आहे, आई ही बाळाची नातेवाईक नव्हे.' तीन प्रती केल्या आणि सकाळी पुन्हा चालत गेले. सिक्युरिटीच्या बाईने अर्ज आत दिला. उत्तर नाही. मी जिन्याच्या पायरीवर बसले. दूध काढायला प्रसाधनगृहात जायचे, वाटी दारात द्यायचे, पुन्हा पायरीवर. वाटी आत जायची, मी नाही. बसल्या बसल्या मी लाल पेनाने दारावरच्या कागदातला दीर्घ षी ऱ्हस्व केला. त्यावरून सिक्युरिटीच्या बाईने मला बरंच सुनावलं. सरकारी कागद, काय समजता स्वतःला.

दुसऱ्या दिवशी पायरीवर आणखी एक बाई येऊन बसली. वरळी कोळीवाड्यातली, मासे विकणारी. तिचंही बाळ आत, माझ्यासारखीच नुकती बरी झालेली, आणि आत तिची नणंद. तिने माझा अर्ज वाचून घेतला आणि म्हणाली, "गोड लिवलंस. एवढं गोड कोण ऐकणार? मी बोलते, तू लिव." मग तिने सांगितलेला अर्ज मी लिहिला. तो इथे देता येणार नाही. खाली तिने सही केली, मी केली. तो तिने स्वतः नेऊन दारावरच्या कागदाशेजारी चिकटवला, आणि सिक्युरिटीच्या बाईला म्हणाली, "काढून दाखव."

चौथ्या दिवशी मोठ्या डॉक्टर बाहेर आल्या. हातात तो कागद.

"हे काय आहे? आम्ही इथे जीव धोक्यात घालून काम करतोय आणि तुम्ही आम्हाला कसाई म्हणता?"

कोळीवाड्याची बाई म्हणाली, "ते मी बोलले. हिने फक्त लिवलं."

मी खूप काही ठरवून ठेवलं होतं. मुद्दे काढले होते, एक-दोन-तीन. प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते इतकंच: "माझं दूध चालतं. मग मी का चालत नाही?"

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले वगैरे असं काही झालं नाही. त्या चिडलेल्याच होत्या. कागदाची घडी केली, खिशात घातली. "उद्यापासून. दोघींचा रिपोर्ट परत करा. चार तास, दुपारी. आजीला मी बाहेर काढणार नाही, तिचं कार्ड राहील. आणि पुन्हा भिंतीवर काही चिकटवलंत तर दोघींना बंद." इतकं बोलून आत गेल्या. मला वाटतं त्या रात्रंदिवस तिथेच असायच्या. तेव्हा मला त्यांची कीव आली नाही. आजही फारशी येत नाही.

दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत धुऊन, गाऊन घालून मी आत गेले. सासू खुर्चीतून उठली. दोन आठवडे बसून तिचे पाय सुजले होते. तिने मला बसायला लावलं, माझ्या गाऊनच्या नाड्या पुढून सोडल्या आणि बाळ माझ्या छातीवर ठेवलं. पक्ष्याएवढं वजन. सुरकुतलेली पाठ, काळी लव, कानाच्या जागी पातळ पापुद्रा. मला वाटलं होतं मी रडेन. मला भीती वाटली, फक्त भीती. आणि पोर रडायला लागली. मांजरासारखा बारीक आवाज.

"तशी नको गो धरू. मान पडतली. हयसून हात घाल. खालसून."

"मला कळतं."

"काय कळता? बघ, निळी पडली."

यंत्र वाजायला लागलं. सासूने बाळ माझ्याकडून उचललं, आपल्या छातीला लावलं, पाठीवर दोन बोटं फिरवली. आवाज थांबला. बाळ गप्प. खुर्चीत मी, उघडी, रिकामी. माझ्या दुधाने गाऊन ओला झाला होता.

"शिकतली," ती म्हणाली.

"कोण? ती की मी?"

 अर्ध्या तासाने तिने बाळ पुन्हा माझ्याकडे दिलं. या वेळी बाळ रडलं थोडं, मग थांबलं. तिसऱ्या दिवशी रडलं नाही. मी माझं मूल धरायला माझ्या शत्रूकडून शिकले. ती चांगलं शिकवायची, हे मला कबूल करावं लागतं. हात कसे तापवून घ्यायचे, नळी कशी धरायची, पोर श्वास घ्यायला विसरली तर तळपायाला टिचकी कशी मारायची. सगळं हुकमाच्या आवाजात. मी सगळं शिकले आणि एकदाही 'बरं' म्हटलं नाही.

आत असतानाच आमचं मोठं भांडण झालं. पेटीतली चादर बदलताना सिस्टरला गादीखाली कागदाची पुडी मिळाली. गावच्या देवाचा अंगारा. सिस्टर माझ्यावर उखडली, कारण पट्टीवर नाव माझं. "इथे इन्फेक्शनने बाळं जातात, आणि तुम्ही राख ठेवता?" मी पुडी कचऱ्यात टाकली आणि सासूकडे वळले. दोघी मास्कमध्ये, आवाज दाबून.

"तुमच्या देवाची राख माझ्या मुलीच्या अंगाखाली नको."

"माझ्या देवान तुझा चेडू राखल्यान."

"डॉक्टरांनी राखली."

"त्याच डाक्टरांवर तू अर्ज केलंस ना?"

मी पेटीतली चादर ओढून सरळ केली.  शेजारच्या खुर्चीत कोळीवाड्याची बाई आपलं बाळ धरून बसली होती. ती म्हणाली, "भायेर जाऊन मारा एकमेकींना. इथं झोपलेत सगळे."

सहा आठवड्यांनी मुलगी घरी आली, अठराशे ग्रॅमची. कोळीवाड्याच्या बाईचा मुलगा आमच्या आधी चार दिवस घरी गेला. जाताना तिने मला मिठी मारली नाही, तसे ते दिवस नव्हते. लांबून हात हलवला. नाव ठेवण्यावरून घरात पुन्हा जुंपली. माझ्या आईला बुद्धवंदना हवी होती, सासूला बारसं. शेवटी नावासाठी दोन्ही घरांत दोन वेगवेगळे विधी झाले आणि दोन्हीकडे एकमेकींची तोंडं वाकडी होती.

मागच्या वर्षी त्या रुग्णालयातून निरोप आला. आता तिथे आईवडिलांना आणि घरच्यांना दिवसभर आत घेतात, दूध, कांगारू, सगळं शिकवतात. त्या महामारीत 'कुटुंबाचा सहभाग' सुरू झाला, म्हणून तेव्हाच्या मुलांचा एक मेळावा होता. तुम्ही या, अनुभव सांगा. मी नवऱ्याला सांगितलं, माझा अनुभव त्यांच्या स्टेजवर मावणार नाही. मी गेले नाही. सासू गेली, ठेवणीतली साडी नेसून, मुलीचा हात धरून. नवरा सोबत.

मुलगी आजीकडे थांबली, तो परत आला तो हसतच. म्हणाला, "आईला माइक दिला. मोठ्या डॉक्टर पुढच्या रांगेत. आई काय म्हणाली माहितीय? म्हणाली, आवशीक भायर ठेवलात तां चुकला तुमचा. पयला तां बोला, मग माझा कौतुक करा."

आवस म्हणजे आई, म्हणजे मी. त्याला वाटलं मी विरघळेन.

"मग त्या दिवशी दारात का नाही बोलली?" मी विचारलं. "मी समोर उभी होते तेव्हा? पाठ का फिरवली?"

त्याचं हसू गेलं. "तू विचार तिला."

मी विचारलं नाही. संध्याकाळी ती मुलीला सोडायला वर आली. मी दार उघडलं. मुलगी आत पळाली. सासू उंबऱ्यावरच थांबली, मेळाव्यात मिळालेला फुगा माझ्या हातात दिला.

"शिंकता ती. थंड काय दिव नको."

"मला माहीत आहे," मी म्हणाले, आणि ती जिना उतरेपर्यंत दार उघडं ठेवून उभी राहिले.